परत फिरण्याचं शिक्षण

1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. ढगात उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा सराव नसलेल्या 20 जणांना विमानात बसवलं आणि बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ 178 सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत. त्यावर शोधलेला उपाय त्या काळाला साजेसा होता: क्षितिज दिसेनासं झालं की उपकरणांकडे बघत, शांतपणे विमान वळवून आल्या दिशेनं बाहेर कसं पडायचं, ते शिकवणं. शिकवल्यावर बहुतेकांना जमलंही.

पण माणूस मुळात ढगात शिरतो कशाला? तो प्रयोगाचा विषयच नव्हता. विमान चालवणं हे हातापायांचं कसब, आणि तारतम्य उपजत असतं, नाहीतर केस पिकल्यावर येतं, असं धरून चाललेलं होतं. आजही खासगी वैमानिकाचा परवाना मागताना आपल्याकडे किमान 40 तासांचं उड्डाण दाखवावं लागतं. लॉगबुकात तासांचा रकाना असतो. हवा बघून रद्द केलेल्या उड्डाणाला रकाना नसतो.

हा समज हलला तो त्याच इलिनॉय विद्यापीठात, 1977 साली. जेन्सेन आणि बेनेल या संशोधकांनी 1970 ते 1974 मधल्या अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या अपघातांची छाननी केली. वैमानिकाच्या चुकीमुळे झालेल्या प्राणघातक अपघातांपैकी निम्म्याहून थोडे जास्त निर्णय चुकल्यामुळे झालेले निघाले. हात बरोबर चालत होते, बेत चुकला होता. मग निर्णय शिकवता येईल का, यावर काम सुरू झालं. पाच घातक वृत्तींची यादी आली. आपल्या भाषेत सांगायचं तर: मला कोण शिकवणार; काहीतरी कर, पण आत्ता कर; मला काय होतंय; बघाच आता, करून दाखवतो; आणि जाऊ दे, नशिबात असेल ते होईल. ही यादी वाचताना मला विमानतळापेक्षा आपले महामार्गच जास्त आठवतात.

1991 मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनानं या विषयाचं मार्गदर्शक पत्रक काढलं. तरी याद्या पाठ होतात आणि ऐनवेळी आठवत नाहीत, हा जुना रोग होताच. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला प्रसंगावर आधारलेल्या प्रशिक्षणानं जोर धरला. सुटी कसरत शिकवण्याऐवजी शिष्याला एक पूर्ण प्रवास द्यायचा, त्यात कारण, घाई आणि वाट बघणारी माणसं घालायची, आणि वाटेत परिस्थिती हळूहळू बिघडवत न्यायची.

असा एक प्रसंग आपल्या नकाशावर रचून बघू. जूनमधली दुपार. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक एकटा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाकडे निघाला आहे. विमानतळावर मामा डबा घेऊन थांबलेत. चाळीसगावपर्यंत डोक्यावर भरपूर मोकळी जागा आहे. औट्रम घाट ओलांडला की ढग खाली आल्यासारखे वाटतात. ढग होते तिथेच असतात, जमीन वर आलेली असते. खानदेशातून चढून मराठवाड्याच्या पठारावर आलं की तोच ढग उरावर बसतो. कन्नड जातं, वेरूळ जातं. रस्त्याचा माग धरत, देवगिरीचा सुळका चुकवत तो पडेगाववर येतो आणि समोरच्या शहरावर पावसाचा पडदा दिसतो. विमानतळ शहरापलीकडे, इथून साधारण 12 किलोमीटर. चार-पाच मिनिटांचं काम.

पडेगाव मुद्दाम निवडलं आहे. मुक्काम जितका जवळ दिसतो तितकं मागे वळणं जड जातं, आणि ही चार-पाच मिनिटं त्या 178 सेकंदांपेक्षा जास्त आहेत. प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाजवळ सहवैमानिक असतो, कंपनीचे नियम असतात. खासगी वैमानिकाला ‘नको’ म्हणणारा दुसरा कुणी नाही. नकार त्यालाच द्यायचा आणि त्यालाच ऐकायचा. म्हणून माझ्या मते या प्रसंगातला सगळ्यात महत्त्वाचा घटक मामांचा डबा आहे. तो काढून टाकला तर उरतं ते हवामानाचं गणित, आणि ते कुणालाही सुटतं.

या पद्धतीची मर्यादाही याच शहरात दिसते. 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 मुंबईसाठी चिकलठाण्याहून उठलं आणि धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. पुढे ते विजेच्या तारांना लागून कोसळलं. 118 पैकी 55 जण गेले. चौकशीत वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचा ठपका आला, तसाच उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका विमानतळ प्राधिकरणावरही आला. अपघाताआधी कुणी शिक्षकानं प्रसंग रचला असता, तर त्यात गाठींचा ट्रक घातला असता? प्रसंग कालच्या अपघातांतून लिहिले जातात. शिवाय निर्णयाचं सगळं ओझं वैमानिकाच्या डोक्यावर ठेवलं, की रस्त्यावर फाटक लावण्याची जबाबदारी कुणाची हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला पडतो.

आपल्याकडे आणखी एक भीती आहे. प्रसंगांचंही गाइड निघेल. ‘ढग दिसल्यास परत फिरावे, दोन गुण.’ परीक्षेला हे पुरेल, पण उत्तर एकच आहे असं कळलं की प्रसंग मेला. चांगला शिक्षक म्हणूनच उड्डाणानंतरच्या चर्चेत सुखरूप परतलेल्या शिष्यालाही सोडत नाही. कन्नडला वळलास, मग चाळीसगावला का नाही वळलास? तिथे काय दिसत होतं? आणि मामांना फोन करायचं निघण्याआधी का नाही सुचलं?