एक की सात

नव्या वस्तूला गंज चढवण्यासाठी पदरचे पैसे खर्च करणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्यापूर्वी झाला नाही. आमच्याकडे गंज आपला आपण चढे, आणि फुकटात चढे. वडिलांची सायकल, आजीचा पानाचा डबा, गच्चीवरची टाकी, यांपैकी कशालाही आम्ही गंजण्यासाठी हातभार लावल्याचं मला स्मरत नाही. मी मात्र गेल्या वर्षी चार महिने, रात्री जेवणं उरकल्यावर, डोळ्याला भिंग लावून, मिशीच्या केसाएवढ्या ब्रशानं एका इंजिनाला गंज चढवला. शिवाय तेलाचे ओघळ काढले, धुराची काजळी घातली. खडूची काळी पूड करून ती फुंकर मारत बसवताना ही एकदा पाणी प्यायला उठली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गॅसची शेगडी याच्या निम्म्या वेळात पुसून झाली असती."

तिला काय सांगणार? शेगडी स्वच्छ करणं हे काम आहे आणि इंजिन घाण करणं ही कला आहे.

या छंदाचा दोष मी पुण्याच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाकडे देतो. १९९८ पासून कोथरूडला ते आहे. मी मुलाला दाखवायला म्हणून गेलो होतो. बाहेर पडताना मुलगा आइस्क्रीम मागत होता आणि मी इंजिन. मुलाचा हट्ट दहा मिनिटांत संपला.

इंजिन कुठलं, तर डब्लूडीएम-२. वाचकांपैकी ज्यांनी महालक्ष्मीनं किंवा कोयनेनं पुणे-कोल्हापूर प्रवास केला असेल, त्यांनी त्या इंजिनाचा धूर नक्की खाल्लेला आहे. मूळ आराखडा अमेरिकेतल्या आल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ साली बोटीनं आली, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. नावातला डब्लू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे माल आणि माणसं दोन्ही ओढणारं. संसारी माणसाचंच वर्णन आहे म्हणा. काळा धूर का येई, तर ड्रायव्हरनं जोर मागितला की डिझेल ताबडतोब मिळे, पण हवा देणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागे. तोपर्यंत नुसता धूर. आमच्या बँकेत सर्क्युलर आधी येतं आणि माणसं मागून येतात, तेव्हा काउंटरवर असंच होतं.

मला एक जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं. मोटर जळलेली, रंग कुणीतरी भलताच फासलेला, पायऱ्या तुटलेल्या. रंग स्पिरिटमध्ये भिजवून काढला. मोटर नवी घातली. खालची चाकं बसेनात, म्हणून आल्कोच्याच एका अमेरिकन इंजिनाच्या मॉडेलमधली घेतली. या इंजिनाच्या बोगीत तीन आस असतात आणि त्यांच्यातली अंतरं सारखी नसतात. ती चुकली की जाणकार माणूस चेहरा पाडतो. दांडे पितळेच्या तारेचे केले. तार घालायला लागणारी भोकं हातानं गिरमिट फिरवून पाडली, चौपन्न भोकं. केबिनच्या दोन भिंती प्लास्टिकच्या पत्र्यातून कापल्या. शेवटी मूळ वस्तूतलं उरलं काय, तर लांब बाजूचं छप्पर आणि विकणाऱ्यानं दिलेला खोका.

आता प्रश्न असा, की मी इंजिन दुरुस्त केलं की नवीन केलं? हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कनं लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज जपलं होतं. फळी कुजली की नवी बसवत. मग ते तेच जहाज का, यावर तिथले विद्वान भांडत. पुढे हॉब्ज नावाच्या इंग्रजानं यात आणखी पाचर मारली. म्हणाला, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं जहाज बांधलं तर खरं कुठलं? आमच्या आजीची गोधडी या विद्वानांनी पाहिली असती तर त्यांचे बरेच श्रम वाचले असते. तिच्यात ठिगळांखाली मूळ कापड कुठे आहे हे खुद्द आजीला सांगता येत नसे, पण ती आजोबांच्या धोतराची गोधडी आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

आणि रेल्वेवाले तर विद्वानांच्या पलीकडे गेले आहेत. वाराणसीच्या त्याच कारखान्यात त्यांनी डिझेल इंजिनाचं विजेचं इंजिन केलं. १९ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातूनही डिझेल हा शब्द गेला. मला त्यात नवल वाटलं नाही. मी नोकरीला लागलो ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आहे. पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला, आयएफएससी कोड बदलला. फक्त पंखा आणि मी तेच आहोत, आणि पंख्याचं खात्रीनं सांगता येत नाही.

पण माझी खरी पंचाईत वेगळीच होती. इंजिन मी माझ्यासाठी करत नव्हतो, सासऱ्यांसाठी करत होतो. मी त्यांना मामा म्हणतो. मामा मिरजेला ड्रायव्हर होते, २००७ साली निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. त्यांच्याजवळ १९८१ सालचा एक कृष्णधवल फोटो आहे: इंजिनाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, गळ्यात रुमाल, चेहऱ्यावर असा भाव की २६०० अश्वशक्ती आपलीच. तोच फोटो समोर ठेवून मी काम करत होतो. पुढच्या जाळीला डाव्या हाताला पोचा आहे; मी तो हुबेहूब घातला. मागं इंजिनाचा नंबर स्वच्छ दिसतो. शेवटचा आकडा एक.

नंबराची चिकटपट्टी लावायच्या आदल्या दिवशी मामा माझ्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "जावईबापू, शेवटी सात हं."

मी म्हटलं, "मामा, फोटोत एक आहे."

"असेल. माझं इंजिन सातचं."

आता मी कॉमर्सचा पदवीधर आहे. बावीस वर्षं बँकेत लेजर जुळवतोय. बेरजेतल्या फरकाला नवानं भाग गेला तर आकडे उलटसुलट पडलेत असं समजावं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. इथे फरक सहाचा. भाग जात नाही. म्हणजे सरळसरळ चूक, आणि व्हाउचर माझ्या बाजूनं. मी पोकळ धीरानं समजावायला लागलो. इंग्रजीत एक आणि सात सारखे दिसतात, वय झालं की, वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "फोटो एक्क्याऐंशीचा आहे. तुमची बायको त्र्याऐंशीची."

ती गोष्ट मला ठाऊक होती. रात्रीची गाडी घेऊन ते मिरजेहून निघाले होते. एकेरी रूळ, समोरच्या गाडीसाठी वाठारला थांबले. स्टेशनमास्तर कंदील घेऊन धावत आला आणि ओरडला, कंट्रोलवरून निरोप आहे, मुलगी झाली. दोघं बरी आहेत. मामांनी हॉर्न वाजवला, नियमाबाहेर, आणि गाडीतली निम्मी माणसं जागी झाली. हे सगळं सातच्या इंजिनावर झालं. अलीकडे सांगताना स्टेशन बदलतं. कधी वाठार, कधी लोणंद. एकदा आदर्की झालं. सहायकाचं नावही बदलतं. नंबर बदलत नाही.

माझं व्हाउचर बरोबर होतं, पण दुसऱ्याच व्यवहाराचं होतं.

तेव्हा कुठे मला कळलं की डिझेलच्या ड्रायव्हरला 'माझं इंजिन' नसतंच. त्या दिवशी शेडमधून जे मिळेल ते. मामांनी शेकड्यानं इंजिनं चालवली असतील. त्यातलं एक त्यांनी मनानं आपलं म्हटलं होतं, आणि त्याचा फोटो नव्हता. मी पोचा घातला होता तो एकच्या इंजिनाचा. मी त्यावर सात लावला तर एकच्या अंगावर सातचं नाव, म्हणजे बँकेच्या भाषेत दुसऱ्याच्या सहीनं पैसे काढणं. एक लावला तर कागदोपत्री चोख, आणि मामांच्या दृष्टीनं कुणाचं तरी इंजिन.

मी दोन रात्री झोपलो नाही. आणि झोपलो नाही म्हणून, माझ्याच सचोटीचा हिशेब तपासायला बसलो. मी चौपन्न भोकं मोजून पाडली. दांड्याची जाडी काटेकोर घेतली. पण इंजिन उभं कशावर होतं? खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत सतरा मीटरांच्या थोडं वर, माझं सत्त्याऐंशीपट लहान. आपल्याकडचे रूळ साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर; त्याला सत्त्याऐंशीनं भागलं की सव्वाएकोणीस येतात. बाजारातले छोटे रूळ मिळतात साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरवरून काढलेले. म्हणजे माझं इतकं हुबेहूब इंजिन जवळजवळ पाव मीटर पाय जवळ घेऊन परक्या रुळांवर उभं होतं. याबद्दल माझ्या सद्सद्विवेकबुद्धीनं चार महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता. जी लबाडी सगळेच करतात ती त्या बिचारीला दिसतच नसावी. शिवाय गंज. तो तर अथपासून इतिपर्यंत रंगच.

शेवटी मी बँकवाल्याला शोभेल असाच मार्ग काढला. इंजिनाला दोन बाजू असतात. खोलीकडच्या बाजूला सात, भिंतीकडच्या बाजूला एक. दुहेरी नोंद. हिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना सांगू नका." म्हणजे कुठली बाजू सांगायची नाही, ते मी विचारलं नाही.

इंजिन मामांच्या खोलीत फळीवर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, सात वाचला, मान हलवली. मग गंजावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं घाण नव्हतं हो. आम्ही गाडी घ्यायच्या आधी पुसत होतो." मी त्यांना फोटोतले ओघळ दाखवले. ते म्हणाले, "तो फोटोग्राफर लवकर आला."

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी खोलीत गेलो तर इंजिन फळीवर उलट फिरवलेलं. खोलीकडे एक. माझ्या पोटात गोळा आला. मामा खुर्चीत बसून जुन्या बनियनचा तुकडा घडी करत होते.

"तुम्ही लाँग हूड पुढे करून ठेवलं होतं," ते म्हणाले. "केबिन मागं राहते. सिग्नल दिसत नाही हो, घाटात तर मुळीच नाही. सरळ करून ठेवलं."

हे मला कळायला हवं होतं. मी वाकून बघितलं. एकच्या बाजूचा गंज निम्मा गेला होता. तेलाचे ओघळ गेले होते. सातच्या बाजूला तर काहीच उरलं नव्हतं. नवं कोरं इंजिन, वाराणसीहून आत्ता आल्यासारखं. मामा रोज सकाळी पुसत होते. दोन्ही बाजूंनी.

"चहा घेणार का, मामा?" मी विचारलं.

"घेऊ की," ते म्हणाले, आणि फडकं हातात घेऊन पुन्हा फळीकडे वळले.