झाड मोहोरत नाही, तेव्हा दोष कोणाचा?



पौष-माघ आला की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. शेजाऱ्याचा आंबा मोहोराने लदलेला आणि आपला नुसताच हिरवागार! मग कुणीतरी सल्ला देतो, "वांझ आहे, तोडून टाका." सल्ला सोपा आहे. पण तो न्याय्य आहे का?

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने एक साधा भेद केला होता. दगडाला दिसत नाही, म्हणून आपण त्याला आंधळा म्हणत नाही. नुकत्याच जन्मलेल्या, डोळे मिटलेल्या कुत्र्याच्या पिल्लालाही म्हणत नाही. जे ज्याच्या ठायी आणि ज्या वेळी असायला हवे, ते त्या वेळी नसेल तरच ती उणीव. पुढे संत थॉमस अॅक्विनास यांनी वाईटाचा विचार याच पायावर मांडला.

हा भेद घेऊन बागेत जाऊ या. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला मोहोर यायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. कलम मात्र तीन-चार वर्षांत मोहोरते. म्हणजे पाच वर्षांचे कोयीचे झाड वांझ नसते, ते लहान असते. हापूसला एक वर्ष भरघोस फळ आले की पुढच्या वर्षी तो बहुधा विसावतो. ते झाड आळशी नसते, दमलेले असते. तिसरे झाड मोरीच्या पाण्यावर किंवा उसाच्या कडेला असते. पाणी भरपूर, युरिया भरपूर, म्हणून ते पाने काढत राहते. फुलायचे त्याला कारणच उरत नाही. त्याची उपासमार झालेली नाही, त्याचे लाड झाले आहेत.

नारायणगाव परिसरातल्या द्राक्षबागायतदारांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसला नाही, तर कारण ऑक्टोबरमध्ये शोधायचे नसते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होत असतो. त्या दिवसांत ऊन कमी पडले किंवा नत्र जास्त झाले, तर उणीव तेव्हाच पडते. दिसते मात्र काही महिन्यांनी. दहावीत नापास झालेल्या मुलाला निकालाच्या दिवशी रागावताना हे आठवावे.

झाडाविषयी आपण निदान कृषी सहायकाला विचारतो. माणसाविषयी तेवढेही विचारत नाही. 'वांझ' हा शब्द आपण लेकीसुनांना किती सहज लावतो! मूल न होण्याचे कारण पतीच्या ठायीही असू शकते, हे वैद्यकशास्त्र सांगते. तरी बोल तिलाच. आणि मूल नसलेल्या स्त्रीचे आयुष्य निष्फळ, हे कोणी ठरवले? 'उंबराचे फूल' असे आपण म्हणतो ते क्वचित दिसणाऱ्या माणसाला. पण उंबराला फुले भरपूर असतात, ती फळाच्या आत असतात. काही माणसेही आतूनच फुलतात.

अंजीर हे उंबराचेच भावंड. लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा दाखला उपवासकाळात तीन वर्षांतून एकदा आपण ऐकतो. मालक तीन वर्षे फळ शोधतो आहे. त्याची तक्रार खोटी नाही. अंजीर एवढ्या काळात फळाला येते. माळीही झाडाची बाजू घेऊन वाद घालत नाही. तो एक वर्ष मागतो आणि भोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतो. दोष कोणाचा हे ठरवण्याआधी, माझे काय करायचे राहिले, हे तो पाहतो.

इथे कुणी म्हणेल, "फादर, डाळिंबाला बहार धरायचा तर पाणी तोडावेच लागते. माणसालाही ताण दिल्याशिवाय तो फुलत नाही." यात तथ्य आहे. पण ताण देणारा बागायतदार जमीन हलकी की भारी ते पाहतो, दिवस मोजतो, आणि ताण तोडताना पहिले पाणी हलके देतो. ज्या ताणानंतर पाणी नाही तो ताण नव्हे, तो दुष्काळ. सुनेला छळून किंवा मुलाला मारून 'वळण लावतो' म्हणणाऱ्याने पाणी कधी दिले, हे आधी सांगावे.

मग माणसाचा काहीच दोष नसतो का? असतो. झाडाला इच्छा नसते, आपल्याला आहे. ऊन, पाणी, खत सारे मिळूनही हात आखडता घेणारा माणूस असतो, आणि दाखल्यातली कुऱ्हाडही खरी आहे. पण तो प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे. दुसऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: तुझ्या मुळाशी मी काय घालू?

या आठवड्यात घरातल्या किंवा शेजारच्या ज्या माणसाला आपण मनातून 'वाया गेलेला' ठरवले आहे, त्याच्याकडे जाऊ या. उपदेश नको. थोडे खणू या, थोडे खत घालू या, आणि एक वर्ष देऊ या.

प्रभू आपणां सर्वांना माळ्याचा धीर देवो.

– तुमचा धर्मगुरू