ज्वारीची हाक

परभणीच्या काळ्या रानात स्फुरद नसतो असं नाही. पण बराचसा चुन्याशी बांधलेला असतो, मुळांच्या हाती लागत नाही. ही उपासमार जाणवली की ज्वारीची, कापसाची मुळं मातीत एक रसायन सोडतात: स्ट्रायगोलॅक्टोन. जवळच्या मायकोरायझा बुरशीला त्याचा सुगावा लागतो आणि तिच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. तीही कायटिनसारखे रेणू सोडून ओळख देते. मग मुळाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियम लयीत वर-खाली होऊ लागतं आणि मूळ तिला आत येऊ देतं. त्यानंतर रोकडा व्यवहार: बुरशीला साखर नि मेद, पिकाला स्फुरद नि जस्त. इथल्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेसोबत आणलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दाण्यातल्या लोह-जस्तासाठी नावाजली जाते; मातीतलं जस्त हुडकणाऱ्या या बुरशीचं नाव मात्र कुणी घेत नाही.

झाडं प्रेमाने गुजगोष्टी करतात, असं हल्ली फार लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हे रसायन सापडलं तेच मुळी वैऱ्याच्या शोधात. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचं बी वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं. ते कशाने जागं होतं, हे शोधताना १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून स्ट्रायगॉल हे पहिलं स्ट्रायगोलॅक्टोन हाती आलं. पण शत्रूला उठवणारा पदार्थ पीक बनवतंच कशाला? उत्तर २००५ साली जपानमधून, अकियामा आणि सहकाऱ्यांकडून आलं. हाक बुरशीसाठीच होती; टारफुला ती चोरून ऐकत होता.

म्हणजे गरज सांगायची तर ती उघड्यावरच सांगावी लागते, आणि ऐकणारा कोण हे सांगणाऱ्याच्या हाती नसतं. तरीही थोडी वाट निघते. टारफुल्याला दाद न देणाऱ्या काही ज्वारींत एका जनुकाच्या अभावी हे रसायनच वेगळ्या घडणीचं होतं. टारफुल्याचं बी त्याने फारसं जागं होत नाही, बुरशीला मात्र ते चालतं.

पोटभर स्फुरद मिळालेलं मूळ मात्र हाक मारणंच कमी करतं. पेरणीला डीएपीसारखं स्फुरदाचं खत सढळ हाताने टाकायचं आणि त्याच रानात मायकोरायझाची विकतची पुडीही सोडायची, हा हिशेब म्हणूनच मला कळत नाही. स्फुरद किती द्यायचा हे माती तपासून ठरवलं, तर त्या पुडीचे पैसे वसूल होण्याची आशा तरी धरता येईल.