'कर्ज', 'ऋण' आणि 'माफी'

इंग्रजीतील 'डेट' या शब्दापुढे मराठीत 'कर्ज', 'ऋण', 'देणे' हे पर्याय समानार्थी म्हणून ठेवले जातात. ते समानार्थी नाहीत. अरबीतून आलेल्या 'कर्जा'ला सावकार, व्याज आणि मुदत असते. वैदिक परंपरेतील 'ऋणा'ला तारण लागत नाही; देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच माणूस जन्मतो, अशी ती धारणा आहे. 'उसने' शेजारधर्मात मोडते. त्यावर व्याज मागणे अशोभनीय ठरते. 'फेडणे' हे क्रियापद मात्र कर्जाला, ऋणाला, नवसाला, इतकेच काय पापालाही चालते. व्यवहार आणि नीती यांतील सीमारेषा भाषेनेच पुसट ठेवली आहे.

जर्मनमध्ये 'शुल्ड' हा एकच शब्द कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ वाहतो. १८८७ साली नीतिकल्पनांच्या वंशावळीची चिकित्सा करताना नीत्शेने यावरच बोट ठेवले. मराठीत तसा शब्द नाही. ते काम 'कर्जमाफी' या समासाने केले आहे. माफी अपराध्याला मिळते. शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांनी 'कर्जमुक्ती'चा आग्रह धरला तो यासाठीच: शेतमालाचे भाव शासकीय धोरणानेच पाडले जात असतील, तर थकबाकी हा शेतकऱ्याचा दोष कसा? २०१९ च्या, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या राज्य योजनेत 'कर्जमुक्ती' हा शब्द अधिकृतपणे आला. बोलण्यात 'माफी'च राहिली. उद्योगांच्या थकीत कर्जाचे मात्र 'निर्लेखन' किंवा 'पुनर्रचना' होते. (निर्लेखनाने वसुलीचा हक्क संपत नाही, हा तांत्रिक भेद मान्य, येथे प्रश्न सुराचा आहे.) त्या परिभाषेत अपराधी कोणीच नसतो.

या पार्श्वभूमीवर हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावचे एक पत्र वाचण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील काही शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विक्रीस काढल्याचे मुख्यमंत्र्यांना कळविले. याला केवळ आंदोलनाची क्लृप्ती म्हणणे उथळपणाचे होईल. पीककर्जाच्या करारात शरीर तारण नसते. देहाने फेडायचे ते ऋण. शेतकऱ्यांनी 'फेडणे' या क्रियापदाचा नैतिक भार शब्दशः स्वीकारला आणि तो बाजाराच्या भाषेत परत केला. माफीच्या अर्जात अर्जदार याचक असतो. येथे तो विक्रेता म्हणून उभा आहे, आणि उत्तर देण्याची पाळी शासनावर येते.