संमतीची सही

लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. तो उपचारानंतर उलटला, किंवा औषधांस दादच देईनासा झाला, म्हणजे वैद्य निरनिराळी औषधे एकत्र देऊन पाहतात. एका औषधातून निसटलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडावी, हा त्यातील हिशेब. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत चार औषधांचा असा मेळ हॉजकिन रोगावर योजला गेला आणि पूर्वी बहुधा असाध्य ठरणाऱ्या अवस्थेतील सुमारे निम्मे रोगी बरे झाले. त्यांपैकी व्हिनक्रिस्टीन हे आपल्या देवळांच्या आवारात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतले. परंतु कोणता मेळ तारील आणि कोणता यातनाच वाढवील, हे अखेर माणसास दिल्यावाचून कळत नाही. मग ज्याच्यापुढची इतर सर्व दारे लागली, त्याच्या होकारास संमती म्हणावे काय?

वकिलास येथे १८७२ चा करार कायदा आठवतो. आजाराने वा क्लेशाने ज्याची बुद्धी ग्रासली आहे, त्याच्याशी करार करणारा त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकतो, असे त्याचे १६ वे कलम मानते. आणि व्यवहार अन्याय्य दिसल्यास दबाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार वरचढ पक्षावर टाकते. सावकाराच्या खतास लावलेली ही सावधगिरी देहाच्या व्यवहारात ढिली पडावी, हे चमत्कारिक नव्हे काय?

भोपाळात ती ढिली पडल्याचा आक्षेप आहे. १९८४ च्या वायुकांडातील पीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात २००४ नंतर काही वर्षे नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या. ती औषधे जंतुसंसर्गावरील, हृदयविकारावरील अशी होती. आपण चाचणीत आहोत हेच आपणांस ठाऊक नव्हते, अशी तक्रार पुढे रोग्यांनी व आप्तांनी केली. जेथे उपचार फुकट मिळतात, तेथे 'नाही' म्हणण्यास जीभ तरी कशी रेटावी? २०१३ साली चाचण्यांविषयीच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करावे, असा आदेश दिला. मुद्रणात मान हललेली दिसेल. ती का हलली, हे कसे दिसणार?

अशा रोग्यास दधीचीची उपमा देण्याचा मोह होतो. पण अस्थी कशासाठी हव्यात, हे देवांनी त्या ऋषीस सांगून मागितल्या होत्या.

म्हणून चाचण्याच नकोत, हे मात्र मला मान्य नाही. मरणाच्या दारातील माणसास निवडीचा अधिकारच नाकारणे हाही त्याचा अवमानच. माझे मागणे लहान आहे. विचारणारा त्याचा उपचारक वैद्य नसावा. कागद घरी नेऊन वडीलधाऱ्यांस दाखविण्यास अवधी मिळावा. आणि 'याचा तुम्हांस स्वतःस उपयोग होईलच असे नाही. नकार दिलात तरी येथील तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील' ही दोन वाक्ये पहिल्याच पानावर, रोग्याच्या भाषेत, ठळक छापावीत.