माळ्यावरून उडी मारू नकोस

मालवण, रविवार

चि. बाळूस,



पत्र बघून हसशील. पण फोनवर तू ‘हो गं आत्या, हो गं’ म्हणून मला गप्प बसवतोस. कागदाला तसं बसवता येत नाही. इकडे सगळे बरे आहेत. मागच्या हापूसला यंदा चांगला मोहोर धरलाय. गाय व्यायली, पाडी झाली.

वहिनी परवा सांगत होती, ऑफिसच्या तपासणीत तुझं युरिक ॲसिड 8.1 आलं. शिवाय ताईच्या लग्नासाठी घेतलेल्या पँटची कंबर 38! अरे, बंगळूरला गेलास तेव्हा 30 ची पँट पट्ट्याने आवळून घालायचास. तेही एक वेळ ठीक, पण तू डाळ-पालक सोडलंस आणि लग्नाच्या आत दहा किलो उतरवायला पाण्यावरचे उपवास धरणार आहेस, हे ऐकलं आणि माझी झोप उडाली.

तुझ्या आतोबांचं तुला ठाऊक नाही, तेव्हा तू लहान होतास. ऐन मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा लाल झाला. वर चादर टेकली तरी ओरडायचे, आणि हा माणूस विंचू चावला तरी हूं न करणारा! कुणी म्हणालं डाळ सोडा, कुणी टोमॅटो सोडा. तीन महिने मी त्यांना पेज आणि दुधी घातला, पण युरिक ॲसिडचा आकडा काही केल्या खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. 88 किलो. म्हणाले, “काकू, ताटाकडे फार बघितलंत, आता जरा पोटाकडे बघा.”

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. न्हाणीघरातलं पाणी दोन कारणांनी तुंबतं: नळ मोठा सुटला तर, नाहीतर मोरी चोंदली तर. युरिक ॲसिड खाण्यातून होतं ते साधारण एक तृतीयांश, बाकीचं अंगातच, जुन्या पेशी मोडून तयार होतं. बाहेर टाकायचं मुख्य काम मूत्रपिंडांचं. पोटावर चरबी चढली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग रक्तात इन्सुलिन वाढत जातं, आणि ते वाढलं की मूत्रपिंडं युरिक ॲसिड सोडायच्या ऐवजी परत आत ओढून घेतात. म्हणजे चरबीने मोरी चोंदते, आणि आपण बसतो नळाशी भांडत! 6.8 च्या वर गेलं की ते रक्तात धड विरघळून राहत नाही, सुईसारखे बारीक खडे धरू शकतात. पायाचा अंगठा बाकीच्या अंगापेक्षा गार, म्हणून बहुधा पहिला मान त्याचा. चरकाने या दुखण्याला, म्हणजे वातरक्ताला, ‘आढ्यवात’ असंही नाव दिलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत. तुझा पगार वाढला हे कळलं हो, पण ही श्रीमंती नको!

आता उपवासाचं. पोटाला काहीच मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं, रक्तात कीटोन वाढतात, आणि बाहेर पडायच्या वाटेवर तेच पुढे घुसतात. युरिक ॲसिड मागे राहतं, उलट चढतं. वजन उतरवायला निघालेल्या माणसाचा अंगठा नेमका तेव्हाच सुजू शकतो. लग्नात नवरीचा भाऊ लंगडत फिरलेला मला चालणार नाही.

आठवतं तुला, माळ्यावर आंब्यांची आढी घातली होती? शिडीची एकेक पायरी चढून गेलास, आजोबांची चाहूल लागली आणि वरून उडी मारलीस. मनगट मोडलं, सुट्टी प्लास्टरात गेली. हे वजनही तू पायरीपायरीनेच चढवलंयस, सहा वर्षांत. मग उतरताना उडी कशाला? आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण 35 इंचांच्या आत असावी. गाठायची ती पायरी.

डाळ-पालक खा बिनधास्त, त्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही. ताक पी, पाणी भरपूर पी. सोडायचंच असेल तर ती कोल्ड्रिंकची बाटली सोड. त्यातली साखर अंगात गेली की युरिक ॲसिडच वाढवते. आणि बिअर. वहिनीला मी बोलले नाही, पण तुझ्या फोटोत टेबलावर काय असतं ते मला दिसतं. बांगडे-तारल्या तू आल्यावर मीच करीन, पण रोज नाही. जेवणानंतर खुर्चीला चिकटू नकोस, चाल.

आणि एकदा डॉक्टरांकडे जा. दुखत नसेल तर गोळी लागेलच असं नाही, ते त्यांना ठरवू दे. साखर, रक्तदाब आणि क्रिएटिनिनही बघून घे. ही मंडळी बहुतेकदा एकमेकांचं बोट धरून येतात. आतोबा दोन वर्षांत 76 वर आले, गोळीही नेमाने घेतात. आता रोज बंदरापर्यंत चालत जातात आणि येताना मासळीवाल्यांशी भांडून येतात.

मे महिन्यात ये. आढी घालीन तेव्हा वर चढायचं काम तुझंच. या वेळी शिडी मी स्वतः धरून उभी राहीन, आणि तू पायरीपायरीने उतरशील.

तुझी,
आत्या