कोणाची पदरमोड?

महागाईविषयी बोलताना आपण सारे एकमताचे असतो. दिवाळी जवळ आली की तेल, डाळ, साखर यांच्या भावांची चर्चा घरोघर रंगते आणि ‘सरकारने काही तरी केले पाहिजे’ या वाक्यावर संपते. स्वस्ताईची मात्र कोणी चौकशी करीत नाही. मला वाटते, करायला हवी. एखादी वस्तू स्वस्त मिळते तेव्हा तिच्या किमतीचा काही भाग पुष्कळदा दुसऱ्याच कोणी भरलेला असतो. तो कोणी भरला, आणि त्याला विचारून घेतला का, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच नीतीचाही आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांत कांदा चांगला पिकतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदेशाने कांद्याची निर्यात बंद झाली. त्या वेळी लाल कांदा बाजारात येत होता. उन्हाळी कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. बंदीची ३१ मार्चची मुदत पुढे लांबली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण ४० टक्के शुल्क ठेवून. आणि शुल्क पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

त्या हिवाळ्यात लासूर स्टेशनच्या बाजारात एका वृद्ध शेतकऱ्याशी माझे बोलणे झाले. तो म्हणाला, “भाव पडला म्हणून रडत नाही बघा. पाऊस बी दगा देतोच की. पण पावसाला कुणी कागद काढून थांबवलेलं नसतं.”

दुर्दैव आणि अन्याय यांतला फरक याहून थोडक्यात सांगता येईल, असे मला वाटत नाही.

बाजार पडणे हा प्रत्येक वेळी कोणाचा तरी अपराध असतो असे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो भाव कोसळला. इथल्या कोणी तो पाडला नव्हता. पुढे वाढता सारा आणि सावकारी यांची त्यात भर पडली, आणि १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दूरच्या देशातल्या घडामोडी आपल्या बांधापर्यंत येतात, त्या अशा. अशा वेळी समाजाचे कर्तव्य मदतीचे: साठवणीला चाळ आणि गोदाम, मालाच्या तारणावर कर्ज, पडत्या काळात थांबता येईल एवढी उसंत.

परंतु जिथे भाव आपणच पाडतो, तिथे मदत हा शब्द अपुरा पडतो. तिथे भरपाई हाच शब्द योग्य.

यावर कोणी विचारील, वाळूजच्या कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्याने भाकरीबरोबर कांदाही खाऊ नये काय? प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. त्याच्या ताटातला कांदा त्याला परवडलाच पाहिजे. मात्र तो परवडावा म्हणून जी पदरमोड करायची, ती एकट्या पिकवणाऱ्याने का करावी? शिवाय त्या हिवाळ्यात त्या मजुराला ज्या भावाने कांदा मिळाला, त्याच भावाने तो मलाही मिळाला. माझी ऐपत त्याच्याहून बरी. मला त्या सवलतीचे काहीच कारण नव्हते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचे आणि पुण्य आपण घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार. गरिबाला स्वस्त द्यायचे तर ते सर्वांच्या तिजोरीतून द्यावे, म्हणजे त्यात माझाही वाटा पडेल.

दुसरी गोष्ट शब्दाची. उन्हाळी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, माल मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीतला कांदा पावसाळ्यानंतरही विकला जातो. शेतकरी पुढच्या आठ-दहा महिन्यांचा अंदाज बांधून रोप लावतो. निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी सांगावे आणि हंगाम संपेपर्यंत पाळावे. मोडणे भागच पडले, तर मोडणाऱ्याने फरक भरावा. घराघरांत आपण मुलांना दिलेला शब्द पाळायला शिकवतो, त्याहून यात वेगळे काही नाही. शब्द मोडला की गिऱ्हाईकही मोडते. परदेशी व्यापारी एकदा दुसऱ्या देशाच्या दारी गेला, की बंदी उठल्याच्या दिवशी परत येत नाही.

पाडव्याला आपण ओवाळताना बळीचे राज्य येवो, असे म्हणतो. त्या कथेतला वामन बळीजवळ तीन पावले भूमी मागतो, ती याचक म्हणून, समोर उभा राहून. बळीने शब्द दिला आणि सर्वस्व गेले तरी पाळला. पण निदान त्याला आधी विचारले तरी होते.